गिटारची लोखंडी मान

तुम्ही गिटार कुणाकडेही दुरुस्तीला द्या, फक्त आमच्या दाजींकडे देऊ नका. भीमजयंती परवावर आलेली, कार्यक्रमात मला वाजवायचं होतं, आणि गिटारच्या मानेला तडा गेला. मी म्हटलं, सुताराकडे नेतो. दाजींचं पिरंगुटला गेट-ग्रिलचं वर्कशॉप आहे. ते म्हणाले, "सुताराकडं कशाला? लाकडाची हाय म्हणून तर मोडली."

संध्याकाळी गिटार परत आली. मानेला मागून लोखंडी पट्टी, आरपार नटबोल्ट, वरून रेड ऑक्साइड मारलेला.

"दाजी, ही मला उचलवत नाही."

"उचलून कुटं न्यायचीय? वाजवायची हाय न्हवं?"

कार्यक्रमात ती गळ्यात अडकवून उभ्यानं तासभर वाजवली. सूर जराही हलला नाही, हे मानायला पाहिजे. मी मात्र दर गाण्याला थोडा थोडा डावीकडे कलत गेलो. पुढं बसलेल्यांना वाटलं, पोरगं तल्लीन झालंय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "मान कधीपासून दुखते?"

मी म्हटलं, "नीट केल्यापासून."