स्पिरिटनं धुतलेला फ्लास्क

हॅलो? …हां, मनकर्णा मॅडमच. बोल रईसा… अगं हळू. लॅबमध्ये एकटीच आहेस?

हो, हो… ईथरमधलं ग्रिन्यार्डचं द्रावण तयार झालं, बरं… दुसऱ्या फ्लास्कमध्ये ओतलं, अन्? …दुधासारखं उतू येतंय?

ऐक ना, फ्लास्क ओला होता का? …पाण्यानं नसशील धुतला, ठाऊक आहे मला. आपल्या गावात नळाला पाणी असतंय कधी… स्पिरिटनं? तळाला राहिलं होतं?

अगं बाई. ग्रिन्यार्ड बिघडेल म्हणून पाण्याला एवढी भितेस, अन् स्पिरिट चाललं? तेही अल्कोहोलच की. ग्रिन्यार्ड आधी त्याचाच हायड्रोजन ओढून घेतं, अन् इथेन सोडतं… व्हय, गॅस. तुला येतोय तो ईथरचा वास. तो बी उकळून बाहेर पडतोय. दोन्ही पेटणारे.

स्पिरिटनं धू म्हणून कुणी सांगितलं? …मी?

रईसा, मी आज कॉलेजात आलेच नाय. ताप आहे. सकाळपासून गारखेड्यात, घरी पडून आहे… कुठली निळी साडी? …अगं, ती तर माझ्या अंगावर आहे.

डोकं गरगरतंय का तुझं? …मग ईथर चढलंय. भास होतोय, बाकी काय नाय. ऊठ, बाहेर पड… परत आली ती? कुठं, बर्नरजवळ? …काय म्हणतेय?

लाइट गेली म्हणून काडी ओढ म्हणतेय?

नाय. खोलीभर गॅस आहे, एका ठिणगीत जीव जाईल पोरी… अगं मीच खरी. तू देवगाव रंगारीची, जैतुनबीची लेक… तेही तिनं सांगितलं?

बरं. मग एवढंच कर. दोघींतली जी काडी ओढ म्हणते, तिचं ऐकायचं नाय. चप्पल राहू दे. चल, चल…

आलीस बाहेर? …शाबास गं. जिवात जीव आला माझ्या. दार ओढून घे… आता काचेतून बघ, कुणी नसणार… दिसतेय? …फोनवर बोलतेय?

काय बोलतेय?

…

‘काय बोलतेय?’ असंच म्हणाली? हो… मी हेच बोलतेय आत्ता.

रईसा, थांब जरा… इथं लई अंधार आहे गं. ईथरचा वास येतोय… नाय, घरीच असणार मी. घरीच होते… काचेवर हात मारतंय कोण? तू?

पळ रईसा. लांब पळ. माझ्या हातात काडीपेटी आहे, अन् ती ठेवताच येईना मला—