वेणी तेवढी सोडून

(त्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या एका गावातलं इस्पितळ. दुपार. तपासणीची छोटी खोली, मधोमध गुंडाळून ठेवलेला पडदा. रौधा नर्स आहे. मब्रूका हमामात, गावाच्या वाफेच्या न्हाणीघरात, बायकांना न्हाऊ घालते. विदाद तिची भाची, शिवणकारखान्यात कामाला.)

मब्रूका: ...म्हणून मी तिला स्वच्छ केलं. दुसरं काय करणार होते? पोर दारात उभी, चेहरा चुन्यासारखा पांढरा. एवढंच म्हणाली, "मुकादमानं सुटीनंतर थांबवून घेतलं." त्यानंतर गप्प. मी पडले हमामवाली. उचललं आणि सरळ हमामात घेऊन गेले.

रौधा: कधी, मावशी?

मब्रूका: काल संध्याकाळी. बायकांची वेळ संपली होती, आतून कडी घातली. कढत पाणी, काळा साबण, नवाकोरा घासायचा हातमोजा. नवरीलासुद्धा मी इतकं घासत नाही. कपडे ब्लीचमध्ये टाकले. रात्री जरा बरं वाटलं, म्हटलं निदान घाण तरी गेली. आणि आज सकाळी ती औषधाच्या दुकानातली बाई म्हणते, "मब्रूका, धुतलंस? धुवायचं नसतं गं." बाई, त्या मेल्याचा गुन्हा मी माझ्या या हातांनी धुऊन टाकला.

रौधा: तुम्ही तिला घरात घेतलं, तिच्यावर रागावला नाहीत आणि इथे घेऊन आलात. आधी बसा. बाकीचं बघू. विदाद, माझं नाव रौधा. या खोलीतलं काम माझंच. तुला अगंतुगं केलं तर चालेल?

मब्रूका: चालेल की. लेकीसारखी आहे तुमच्या.

रौधा: मी तिला विचारलं, मावशी.

मब्रूका: अहो पण ती बोलतच नाहीये.

रौधा: मान हलवली तिनं. चालेल म्हणाली.

मब्रूका: बरं, मग आधी तिच्या पोटात काहीतरी जाऊ दे. कालपासून उपाशी आहे. खजूर आणलेत. घे पोरी, एक तरी.

रौधा: खजूर थोडा वेळ राहू देत. तोंडातून कापसाची काडी फिरवायची झाली तर ती आधी फिरवू, मग पोटभर खा. विदाद, ऐक. इथे काय काय करता येतं ते मी एकेक करून सांगेन. जे नको असेल ते करायचं नाही. मधेच नको वाटलं तर "थांब" म्हण, मी थांबेन. कारण विचारणार नाही. आणि काहीच तपासू दिलं नाहीस तरी औषधं मिळणारच. दिवस राहू नयेत म्हणून गोळी, आजार लागू नये म्हणून गोळ्या. त्यासाठी काही सिद्ध करावं लागत नाही.

मब्रूका: आणि ते... ते पण बघाल ना? म्हणजे ती अजून... तुम्हाला कळतंय मी काय म्हणते ते. उन्हाळ्यात लग्न आहे हो तिचं. एक कागद लिहून दिलात तर बरं होईल.

रौधा: ते मी बघत नाही.

मब्रूका: का? नर्स आहात ना?

रौधा: अंगाकडे बघून ते कुणालाच कळत नाही, मावशी. डॉक्टरलाही नाही. आणि कळत असतं तरी मी बघितलं नसतं. त्यानं काय केलं, एवढंच इथे बघतात.

मब्रूका: मला विचारा. लग्नाच्या आदल्या दिवशी पोरींना न्हाऊ घालते, तर सासवा मला कोपऱ्यात घेतात. "काय गं, कशी आहे पोरगी?"

रौधा: मग काय सांगता?

मब्रूका: सांगते, केस दाट आहेत. दुसरं काय सांगणार? मला तरी कुठे काय दिसतं.

रौधा: झालं तर मग.

विदाद: मावशीला तिकडे बसव.

मब्रूका: बोलली! बोललीस गं बाई... कुठे बसव?

विदाद: पडद्याच्या तिकडे.

मब्रूका: मला? अगं, तुझी आई गेली तेव्हा एवढीशी होतीस. तेव्हापासून तुला मीच न्हाऊ घालतेय. माझ्यापासून काय लपवायचं आहे?

रौधा: मावशी, खुर्ची पडद्याला लागूनच ठेवते. विदाद, तिला आपले आवाज ऐकू येतील. चालेल?

विदाद: आवाज चालेल.

मब्रूका: बसते बाई. ओढा तो पडदा. भरून पावले.

रौधा: विदाद, मी आता तुझ्या डाव्या बाजूला स्टुलावर बसते. डावी बाही वर करायची आहे. मी करू, की तू करतेस?

विदाद: मी.

रौधा: छान. आता दंडाला हात लावायचा आहे. लावू?

विदाद: हं.

रौधा: हातमोजा गार लागेल.

विदाद: थांब.

रौधा: थांबले.

मब्रूका: काय झालं? दुखलं का तिला?

रौधा: नाही. आम्ही थांबलोय.

मब्रूका: किती वेळ?

रौधा: ती सांगेपर्यंत.

विदाद: तुझे हात कुठायत?

रौधा: माझ्या मांडीवर. हे बघ, दोन्ही.

विदाद: कर आता.

रौधा: दंडाला हात लावते.

विदाद: थांब.

रौधा: थांबले.

मब्रूका: अगं विदाद, असं काय करतेस? अशानं संध्याकाळ होईल. बाहेर रांग असेल, त्यांना दुसरी कामं असतील.

रौधा: मला दुसरं काम नाही, मावशी.

विदाद: कर.

रौधा: लावते हात.

विदाद: थांब.

रौधा: थांबले.

विदाद: मावशी.

मब्रूका: काय गं?

विदाद: ही खरंच थांबते.

मब्रूका: हो, ऐकतेय मी.

विदाद: नाही, तू ऐक ना. मी म्हटलं की थांबते. प्रत्येक वेळी. त्याला मी किती वेळा म्हटलं होतं.

मब्रूका: म्हणाली असशील गं. माझ्या राणी, म्हणालीच असशील.

विदाद: मला वाटायला लागलं होतं की माझ्या तोंडून आवाजच निघाला नसेल.

रौधा: निघाला असणार. इथे तर मला स्वच्छ ऐकू येतोय.

विदाद: कर आता. आता नाही थांबवत.

रौधा: हवं तर थांबव. केव्हाही. मावशी, काल तुम्ही हिच्या दंडावर काही पाहिलंत?

मब्रूका: वाफेत काय दिसणार? आणि घासून घासून सगळंच अंग लाल झालं होतं.

रौधा: आज उमटलंय. बोटं, आणि मागे अंगठा. कढत पाण्यानं ते पुसलं गेलं नाही, उलट वर आलंय. विदाद, याचा फोटो घेऊ? चेहरा येणार नाही.

विदाद: घे.

मब्रूका: म्हणजे सगळं नाही धुतलं मी?

रौधा: नाही, मावशी. आतल्या तपासणीतही काही मिळू शकतं, पाणी तिथवर जात नाही. विदाद, ती करायची का, कशी करायची, हे तू ठरव. काडी तुझी तूही फिरवू शकतेस. मी पाठ फिरवून उभी राहीन.

विदाद: मी फिरवते.

मब्रूका: तिची ती? हे असं चालतं?

रौधा: चालतं.

मब्रूका: चाळीस वर्षं मी बायकांच्या अंगावर हात फिरवतेय. "वळ. हात वर. पाय सोड." कणकेचा गोळा मळावा तसं मळते एकेकीला. हात लावू का, असं मी कधी कुणाला विचारलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही कधी.

रौधा: आता जरा शांत बसू, मावशी.

मब्रूका: बसते. तोंडाला कुलूप.

विदाद: झालं. हे घे.

रौधा: दे. तुझ्यासमोर पाकिटात घालते. कागदाचंच पाकीट लागतं, प्लास्टिकमध्ये कुजतं. हे चिकटवलं, यावर माझी सही. दमलीस?

विदाद: अजून काय आहे?

रौधा: डोकं. कुठे आपटलं होतं का, ते बघायचंय. रुमाल काढतेस?

मब्रूका: केसांचं आधीच सांगून ठेवते हं! धुतलेले नाहीत ते. आणि त्यात माझी काही चूक नाही.

रौधा: म्हणजे?

मब्रूका: अहो, मी माती भिजवली होती केसांसाठी, चांगली संत्र्याच्या फुलांचं पाणी घालून. तर हिनं वेणी दोन्ही मुठींत घट्ट धरलेली. हात लावू देईना. मी ओरडले, म्हटलं असली कसली अर्धवट आंघोळ? बोटं सोडवायला गेले तर चावली मला. अजून दात उमटलेत हातावर. शेवटी वर पंचा बांधून बसली. काय करणार, वेणी तेवढी सोडून बाकी सगळं धुतलं.

रौधा: मावशी, पुन्हा सांगा. केसांना पाणी लागलंच नाही?

मब्रूका: वाफ लागली असेल तेवढीच. मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

रौधा: विदाद, सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण वेणी का नाही धुऊ दिलीस?

विदाद: त्यानं ती हाताला गुंडाळली होती. आणि तोंड खुपसलं होतं तिच्यात. ओली झाली होती.

रौधा: हं.

विदाद: मावशी घासत होती तेव्हा बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं, मावशी. वाटत होतं, जाऊ दे सगळं, कातडंसुद्धा जाऊ दे. आणि मग ती केसांकडे आली. तेव्हा वाटलं, हेही गेलं तर उद्या मी लोकांना काय दाखवू? तो म्हणेल, मी नव्हतोच तिथे. म्हणून धरून ठेवली.

मब्रूका: आणि रात्री? रात्री तशीच झोपलीस ते घेऊन?

विदाद: झोप कुठली. वास येत होता त्याचा. सकाळपर्यंत धरून बसले.

मब्रूका: या अल्ला. आणि मी तुला वेडी म्हणाले.

रौधा: विदाद, मी हे काम खूप वर्षं करतेय. इथे येणाऱ्या बायकांना मी सांगते की काय जपून ठेवायचं असतं. तुला कुणी सांगितलं नव्हतं. अंगावरचं सगळं जावं असं वाटत असताना तू हे रात्रभर हातात धरून बसलीस.

विदाद: त्यातून काही मिळेल?

रौधा: मिळेलच, असं मी म्हणणार नाही. खोटी आशा नाही दाखवत. पण मिळायचं असेल तर तिथे मिळायची शक्यता जास्त.

विदाद: मग घे.

रौधा: आधी ही ओली काडी वेणीवरून फिरवायची. मग खाली कागद पसरते, त्यावर वेणी सोडायची आणि हा नवा कंगवा फिरवायचा. मी करू?

विदाद: मीच सोडते. मी घातलेली आहे.

मब्रूका: काय चाललंय? आवाज का येत नाही?

रौधा: वेणी सोडतेय ती, मावशी.

मब्रूका: हळू गं पोरी. गुंता झाला असेल. खालून विंचर, वरून नको.

विदाद: माहितीय मला.

मब्रूका: माहितीय हो तुला. तुला सगळं माहितीय. आम्हीच आंधळ्या.

रौधा: झालं. कागदाची घडी घातली, काडी वेगळ्या पाकिटात. आता शेवटचं, विदाद. ही पाकिटं तू म्हणशील तर आज पोलिसांकडे जातील. नाही म्हणालीस तर इथे कपाटात कुलपात राहतील. महिन्यानं येऊन सांगितलंस तरी चालेल.

मब्रूका: मी काही बोलू का?

विदाद: नको.

मब्रूका: बरं.

विदाद: तो उद्या पुन्हा तिथेच उभा असणार. माझ्या जागी शेजारच्या मशीनवरची हादिया बसेल. तिलाही तो थांबवतो. ती सांगत नाही, पण मला माहितीय. पाठव पाकिटं. नाव मी माझ्या तोंडानं सांगते.

रौधा: मी बरोबर येते. त्याआधी गोळ्या घे आणि खजूर खा. मग हवी असेल तर आंघोळ कर, आत साबण आहे. केस धुवायलाही आता हरकत नाही. पडदा उघडू?

विदाद: उघड.

मब्रूका: अगं बाई. किती लांब झालेत गं केस. किती दिवसांत मोकळे पाहिलेच नव्हते. विदाद... हात लावू का? वेणी घालून देते.

विदाद: नको.

मब्रूका: बरं. नाही लावत.

विदाद: मावशी.

मब्रूका: काय गं?

विदाद: इथे जवळ येऊन बस पण.