कॉन्टेसाचा मूळ रंग

अर्धवट मांडव. आचाऱ्याचे फोन. निळ्या रंगाचा टवका. परवा श्रेयाचं लग्न.

गारखेड्याच्या बसथांब्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी सुलेखा नवऱ्यावर, गोकुळवर, उखडली.

"दारात जुनी कॉन्टेसा, अन् आपण बसची वाट बघायची!"

"रंग बाकी हाय."

"काल तर झाला होता!"

"आज खरडला. डिकीतल्या सतरंजीखाली मूळचा रंग सापडला. निळा. तोच द्यायचा."

"श्रेया शाळेत होती तवापासून त्या गाडीवर खपताय, अन् आता लेकीची पाठवणी खरडलेल्या पत्र्यात?"

"दोन दिस हायत की."

"लई झालं तुमचं! भाड्याची गाडी सांगते मी. श्रेयाला कळलं तर रडून गोंधळ घालंल."

गोकुळनं मान खाली घातली.

"तिचं मी बघतो."

सकाळी रंग खरडायला पत्र्यावर पहिला पॉलिश पेपर श्रेयानंच चालवला होता.