शिखरातला डबा

(इंडोनेशियातल्या सुंबा बेटावरचं एक गाव. उंबू लापू आपल्या घराच्या ओट्यावर बसलेत; घराला उंच, निमुळतं छप्पर, त्याच्या आतला माळा म्हणजे शिखर. त्यांची बायको रांबू कहि, जिला ते नुसतं 'कहि' म्हणतात, मागावर विणतेय. भाची मार्ता, गावातल्या शाळेची शिक्षिका, मांडीवर कागद घेऊन समोर. वर शिखरात एका संस्थेने शाळेला दिलेला डबा : त्यातले धडे आसपासच्या फोनवर बिनतारी उघडतात.)

मार्ता : नाही मामा, आज मीच मोजते. डबा तुमच्या शिखरात चढला त्याला झाले चाळीस दिवस. रोज वीस-बावीस पोरं या ओट्यावर. धडा बघायचा, तर आधी झऱ्यावरून एक कॅन पाणी. गणिताचा धडा असेल, तर डुकरांना केळीचा खुंट चिरून घाला. परीक्षेचा सराव हवा, तर सरपण. चाळीस दिवसांत तुम्ही स्वतः झऱ्यावर किती वेळा गेलात?

उंबू : मी कुणाला सांगितलं नाही. पोरं वळणाची आहेत. आपल्या हाताने करतात.

रांबू : ती हाताने करतात. हा बोटाने दाखवतो.

उंबू : कहि, तू तुझे धागे मोज.

मार्ता : उद्या संस्थेचा माणूस वाइंगापूहून येतोय. कागदावर लिहिलंय, डबा शाळेत आहे. खाली सही माझी. शाळेत दिसला नाही, तर गाडीत घालून पुढच्या गावाला देणार. आठवीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय, आणि पोरांची निम्मी पुस्तकं त्या डब्याच्या पोटात. तेव्हा शिडी कुठे ठेवलीय सांगा.

उंबू : शिडी ती काय, घरामागे. पण वर चढायला नुसती शिडी पुरते का? वर पूर्वजांचं सोनं आहे, पणजोबांची घंटा आहे. तिथली वस्तू खाली काढायची म्हणजे डुक्कर मारावं लागतं. तापाच्या साथीतून माझी दोनच वाचलीत. तू आणतेस एक?

मार्ता : पण डबा पूर्वजांचा कधी झाला? शाळेच्या कपाटाचं कुलूप मोडलं, म्हणून एका रात्रीपुरता ठेवायला दिला होता.

उंबू : दिलास कसा, ते आठव. ओट्यावर चढलीस. पान-सुपारीची पिशवी पुढे केलीस. आणि पिशवीवर डबा ठेवलास.

मार्ता : दोन्ही हात भरलेले होते मामा!

उंबू : बहिणीच्या घरून धातूची वस्तू आली, पान-सुपारीवर बसून आली. मी काय समजायचं? रीतीप्रमाणे पान खाल्लं, रीतीप्रमाणे तुझ्या अंगावर कापड घातलं. तू ते घेतलंस. देणं-घेणं पुरं झालं; अशी आलेली वस्तू पूर्वजांची.

मार्ता : मला वाटलं, एकदाचं मामाला भाचीचं कौतुक सुचलं!

रांबू : मलाही तसंच वाटलं. सहा महिने विणत होते ते कापड. म्हटलं, जाऊ दे, कौतुकात गेलं.

मार्ता : परत आणून देते कापड.

उंबू : दिलेलं कापड परत करणारी भाची आमच्या घराण्यात अजून जन्मायची आहे.

रांबू : कुपांगला चार वर्षं शिकलीस ना गं? पान-सुपारीवर भलतंसलतं ठेवू नये, एवढं नाही शिकवलं तिथे?

मार्ता : तिथे इंग्रजी शिकवलं, मामी. बरं, माझी चूक. पण धुराचं काय? डबा आहे बरोबर चुलीच्या डोक्यावर. काल दोनदा बंद पडला, पोरं तोंड पाडून घरी गेली.

उंबू : पिढ्यान्पिढ्या पूर्वज त्या धुरात सुखाने राहिले. आणि तुझा हा पाहुणा एवढा नाजूक?

मार्ता : पूर्वजांना वायर नव्हती. आणखी एक सांगते. कुणी, केव्हा, काय उघडलं ते डबा स्वतःच टिपून ठेवतो. काल मी बघितलं. शाळेत होता तेव्हा दिवसाला नऊ जण, कारण बाराला शाळेचं दार बंद. इथे आल्यावर बावीस. इथवर ठीक. पण सकाळी सगळी पोरं माझ्यासमोर वर्गात असतात, तेव्हा कुणीतरी रोज पाचवीचे अपूर्णांक उघडतं. तीच एक चाचणी, सतरा वेळा.

उंबू : कोंबडी चढली असेल फोनवर.

रांबू : कोंबडीला आधी दहापैकी तीन पडले. मग चार. परवा सहा पडले, तेव्हा कोंबडीने माझा माग थांबवून मला दाखवले.

मार्ता : मामा?

उंबू : काय मामा? मुलाने मलेशियाहून फोन पाठवलाय, तो काय लोणचं घालायला?

मार्ता : सहा म्हणजे पास होता तुम्ही.

उंबू : दुसरीतून उठवून मला घोड्यांमागे धाडलं. घोडे मी दोनशेपर्यंत नजरेने मोजतो. अर्धा घोडा, पाव घोडा कुणी मोजायला सांगितलाच नाही. आता हा डबा विचारतो, तीन चतुर्थांशातून एक षष्ठांश गेला तर उरलं काय. बरं, चुकलं तर हसत नाही. पुन्हा विचारतो.

मार्ता : मग शाळेत या ना. मी शिकवते.

उंबू : त्या बुटक्या बाकावर? गुडघे कानाशी घेऊन? ज्या पोरांना पाण्याला धाडतो, त्यांच्या पुढ्यात सहा मार्क दाखवू? इथे मी माझ्या ओट्यावर बसलेला असतो. आपल्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला, काय करताय म्हणून कुणी विचारत नाही.

मार्ता : म्हणजे डुकराची गोष्ट उगाच?

उंबू : डुक्कर लागतंच. पण नसतं लागलं, तरी मी काहीतरी काढलं असतं.

रांबू : मार्ता, त्या कागदात शाळा म्हणजे काय म्हटलंय? चार भिंती?

मार्ता : थांबा... 'जिथे नोंदलेले विद्यार्थी शिक्षकासमोर शिकतात ती जागा.'

रांबू : मग दुपारी तू इथे येऊन बस. झाली शाळा.

मार्ता : दुपारचा वर्ग... मुख्याध्यापक शिक्का देतील, त्यांना बारानंतर झोपायचंच असतं. संस्थेच्या माणसाला मी खरं तेच सांगेन, नऊचे बावीस कसे झाले तेही दाखवीन. आकड्यावर तो भाळेल. पण वर बघितलं आणि काळाकुट्ट डबा दिसला, की तिथल्या तिथे उतरवायला सांगेल.

उंबू : चूल हलणार नाही. चूल म्हणजे घराचा जीव.

रांबू : जीव निखाऱ्यात असतो, धुरात नाही. निखारा तिथेच राहील, मी विझू देणार नाही. भात आणि डुकरांचं शिजवणं मागच्या पडवीत नेते.

उंबू : मागे समुद्राकडचा वारा येतो. तासाचं काम दोन तासांचं होईल.

रांबू : येतो खरा. तिथे आडोसा बांधतो म्हणून लग्नाच्या वर्षी कोण म्हणालं होतं?

उंबू : ... बांधतो की.

रांबू : हो. अपूर्णांक संपले की.

मार्ता : आणि डबा झाडायला-पुसायला वर जावं लागेल, त्याचं काय? प्रत्येक वेळी डुक्कर?

उंबू : तिथल्या तिथे पुसायला कोण नको म्हणतंय? खाली काढायचा नाही, एवढंच. सोनंसुद्धा मी वरच पुसतो.

मार्ता : मग माझी अट ऐका. नोंदलेले विद्यार्थी, असं म्हटलंय. दुपारी ओट्यावर जो बसेल, त्याचं नाव हजेरीत. तेविसावं नाव : उंबू लापू.

उंबू : मी घरमालक आहे!

मार्ता : आणि एक विद्यार्थी दुसऱ्याला पाण्याला पाठवत नाही. स्वतःचा कॅन स्वतः.

रांबू : दे गं दे, लिहून टाक. तेविसावं कशाला, पहिलं लिही. सगळ्यांच्या आधी हाच येऊन बसतो.

उंबू : मार्क मोठ्याने वाचायचे नाहीत.

मार्ता : नाही वाचणार. चला, शेवटचा रकाना राहिला. 'गावाचा वाटा.' संस्थेने काय दिलं ते वर छापलेलंच आहे : डबा, बॅटरी, उन्हावर वीज करणारी पाटी. शाळेकडून शिक्का. गावाकडून... शिखर, ओटा, बसायच्या चटया. देणार, उंबू लापू.

रांबू : आणि चूल?

मार्ता : त्यांनी वस्तू विचारल्यात, मामी. चूल हलवली, हे वस्तूत कसं बसवू?

उंबू : शिखर पणजोबांनी बांधलं. ओटा बापाने. चटया पण हिनेच विणल्यात. मी त्यात काय दिलं? माझं नाव खोड, पोरी. तिथे हिचं लिही.

रांबू : खोडू नकोस. सरकारी दिसणारा कागद आहे, घाण होईल. त्याच्या नावाच्या वर माझ्यापुरती जागा आहे का बघ.

मार्ता : आहे, मामी. एका ओळीची.

रांबू : पुरे.