रोज एक कौतुक

...आणि वर मॅडम काय म्हणतात, "मनापासून करा!" अहो, मनापासून? आठ तास बॉयलरपाशी उभा राहून आलेल्या माणसाकडं मन उरतं का? तुम्हाला सांगतो... कौतुक करा म्हणे, कौतुक!

झालं काय, माझी मुलगी अपेक्षा. नववीत. आम्ही कासूचे, ती शाळेला पेणला जाते, मी कंपनीत रोह्याला. एकदा सरांनी वर्गात काहीतरी विचारलं, ही उभी राहून म्हणाली, "मला ठावं नाय." एवढंच! पण ती गावातली, म्हणजे पेणची पोरं अशी हसली, अशी हसली... अरे, ठावं नाय तर नायच म्हणणार ना? त्या दिवसापासून पोरीनं शाळेत तोंड उघडलं नाय. पेपरात सगळं बरोबर, तोंडी परीक्षेत भोपळा. घरी मात्र आजीशी भांडायला लागली की आवाज पार खांब गावापर्यंत ऐकू जाईल!

मग तिच्या वर्गाच्या सुनीती मॅडमनी पालकसभा घेतली. मी शिफ्ट बदलून गेलो. मॅडम बोलायला गोड. "पालकहो, मुलांचा आत्मसन्मान घरात वाढतो. रोज एक कौतुक करायचं. रोज!" मी शेजारच्या दत्तात्रेयकडं बघितलं, त्यानं पंख्याकडं बघितलं. आमच्या बापानं आमचं कौतुक केलं ते एकदाच. मी दहावी पास झाल्याचं सांगितलं, तर म्हणाला, "म्हशीला पाणी दाखवलंस का?" ते कौतुक होतं, हे मला लग्नानंतर कळलं.

पण पोरीसाठी करायचं ठरवलं. जेवायला बसलो, घसा खाकरला, म्हटलं, "अपेक्षा... तू ना... पाणी चांगलं वाढतेस."

पोरीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "बाबा, तुझी नोकरी गेली का?"

बरं, हे ऐकलं आईनं. माझी आई, हौसा. मागच्या दारच्या चुलीपासनं ओरडली, "गप रे हिरामण! तोंडावर वाखाणतात का पोरीला? आईबापाची नजर आधी लागते!" म्हणजे लोकांची सोडा, माझीच नजर! उठली, मीठ-मोहरी, सुक्या मिरच्या घेतल्या, पोरीवरनं ओवाळल्या नि टाकल्या चुलीत. ठसका नाय उठला तर दृष्ट होती समजायचं. आमच्याकडं असा ठसका उठला की कोंबड्या पळाल्या. म्हणजे दृष्ट नव्हतीच की! आई म्हणते, "असू दे, खात्री केलेली बरी."

आता मॅडमचं रोज एक कौतुक, म्हणून आईची रोज एक दृष्ट. कौतुक केलं की खोकला, केलं की खोकला! बायको अनिता डोळे पुसत म्हणते, "अहो, रविवारचं तरी पोरीला ओरडा की." बघा! कौतुक करा म्हणे, कौतुक!

त्यातच सोमवारी परिपाठात बोलायची पाळी आली हिची. अख्ख्या शाळेपुढं, माईकवर! सकाळी पोरगी उंबऱ्यात बसली, बूट घालीना. "बाबा, मी नाय जात. ती परत हसतील." मी तिचे बूट पुढ्यात ओढले. आणि तोंडातनं आपोआप गेलं, "गो, तू घरात बोलतेस तशीच बोल. तू बोललीस की माझा शिफ्टचा शीण जातो." खरंच जातो. हे काय मला कुणी सभेत शिकवलं नव्हतं.

झालं! आई धावली. मिरच्या संपलेल्या, म्हणून काजळाची डबी. पोरीच्या गालावर तीट... जुन्या चवलीच्या नाण्याएवढी! पुसू म्हटलं तर आई पुसू देते का?

गाडीवरनं सोडलं, गेटशी थांबलो. ही माईकपाशी गेली, तो गाल बघून अख्खी शाळा हसायला लागली. मी डोळे मिटले. म्हटलं, संपलं... आता ही जन्मात बोलायची नाय. आणि माईकवरनं आवाज आला, "हसा. माझ्या बाबानं सकाळी माझं कौतुक केलं, म्हणून आजीनं तीट लावलीय. तुमच्या घरी नाय का कोण करत?"

 एकजण हसेल तर शपथ. मग पोरगी बोलली, नाय, व्हय, हाय सगळं घालून बोलली. मी गेटशी उभा राहून रडलो. सांगायला लाज कसली?

दुपारी मी कामाला निघालो, डबा उचलला, तर अपेक्षा घरी आली नि सरळ म्हणाली, "बाबा, तू लय चांगला हायस."

आता एवढ्या वयात हे आपल्याला कुणी म्हटलेलं नाय. कुठं बघावं कळंना! तेवढ्यात मागच्या दारातनं, "गप गो! माझ्या पोराला नजर लावतेस?" म्हटलं, आई, मला शिफ्ट हाय... ऐकतंय कोण? बसलो मांडी घालून. काय करता?

कंपनीच्या गेटवर वॉचमन माझ्या गालाकडं बघतच राहिला. "हिरामण, हे काय रे?"

म्हटलं, "काय नाय बाबा... घरी आता माझं पण सुरू झालंय."