डावीकडची वाटी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या द्राक्ष बागायतदार मंडळाचे प्रमुख माननीय आकारामआबा, सत्कारमूर्ती डॉ. हरी म्हसकर सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या विनोदिनीताई, व्यासपीठावरील मान्यवर, संशोधन केंद्रातील सहकारी आणि तासगाव-आटपाडीहून हातातलं काम टाकून आलेल्या बागायतदार बंधू-भगिनींनो,

मी अश्लेषा. सरांच्याच हाताखाली संशोधन शिकले. निरोपाला गोड बोलावं असा रिवाज आहे. प्रयत्न करीन, पण सरांनी मला इतकी वर्षं सहन केलंय, अजून थोडा वेळ करतील.

आपल्यासमोर बेदाण्याच्या दोन वाट्या आहेत. डावीकडच्या वाटीवर ‘अर्क’ अशी चिठ्ठी, उजवीकडच्या वाटीवर ‘साधा’. खात राहा, त्यांच्याकडे मी येतेच.

वेलीवर सरांनी बनवलेला अर्क फवारला की मण्याची फुगवण वाढते, बेदाणा गोड होतो, ही सरांची आयुष्यभराची खात्री. थोड्याच वेळात आबा मंडळातर्फे त्याची शिफारस जाहीर करतील आणि येत्या हंगामात सगळा तालुका पाठीला पंप लावून अर्क फवारत सुटेल. म्हणून मला आज गप्प बसता येत नाही.

माझं माहेर उंब्रजचं. तिथे उसात सळसळलं की आमचे गुंडाकाका ओरडतात, “बिबट्या हाय रं, पळा!” बहुतेक वेळा उसातून कुत्रं बाहेर येतं. काकांना कोणी हसत नाही, कारण पळून फार तर एक चप्पल जाते. ‘आधी खात्री करू’ म्हणून जे पूर्वज उसाशी थांबले, त्यांचा वंश पुढे चालला असेल का हो? आपण सारे पळणाऱ्यांची लेकरं! थोडं दिसलं की पुरतं मानायचं, हे आपल्या रक्तातच आहे. रानात त्यानं जीव वाचतो. प्रयोगात त्यानंच घात होतो, आणि हे सांगून सांगून माझा घसा बसला आहे!

आता प्रयोग ऐका. आपले बागायतदार दादासो, त्यांच्या बागेत निम्म्या ओळींवर अर्क, निम्म्या तशाच. दरवर्षी अर्काच्या ओळी टपोऱ्या. सर खूश, आम्ही खूश. एकदा मी अवचित बागेत गेले, तर दादासो नेमकं त्याच ओळींना जादा पाणी देत होते. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, हे काय? ते म्हणाले, “आवं बाई, सरांच्या वळी हैत त्या. पाव्हण्याला वाढताना हात आखडायचा व्हय?”

आता या माणसावर रागवायचं कसं? त्यांनी आपली रीत पाळली. चूक आमची. कुठल्या ओळी सरांच्या, हे त्यांना सांगितलं कोणी? बरं, मोजणाऱ्या आम्हालाही ते ठाऊक होतंच. सरांच्या ओळीतला घड हातात घेतला की आमचा हातही आदरानं मोठाच मणी शोधायचा.

मग मी दोन हंगाम ओळींच्या खुणा झाकल्या. पाणी सारखं, खत सारखं, मोजणाऱ्याला काही ठाऊक नाही. फरक? एकोणीस-वीससुद्धा नाही. सर म्हणाले, “तुझी मोजणी चुकली. पुन्हा मोज.” पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. “मग हवामान असेल.” अहो सर, छापा पडला की अर्काचा गुण आणि काटा पडला की हवामानाचा दोष! जितकी वर्षं मनासारखं आलं, तितकी वर्षं ‘पुन्हा मोज’ कोणीच कसं म्हणालं नाही?

सर, रागावू नका. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. इथे सोनाराचेच कान टोचायची पाळी शिष्येवर आली. ‘स्वतःच्या डोळ्यांवर सगळ्यात शेवटी विश्वास ठेव,’ हे मला तुम्हीच शिकवलंत. तुमच्याइतका प्रामाणिक माणूस मी पाहिलेला नाही आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं.

आबा, खिशातला तो शिफारशीचा कागद आज खिशातच राहू द्या. सर, निवृत्त झालात तरी आणखी एक हंगाम या. खुणा मी झाकते, मोजा तुम्ही. अर्क खरा ठरला तर याच व्यासपीठावर पंप पाठीला लावून नाचेन.

आता वाट्या. मघाशी आबांसमोरचा माईक चालू राहिला होता. त्यांचं “डावीकडचा लय गोड हाय, फरक कळतोय की!” सभागृहानं ऐकलं आणि माना डोलावल्या. सर, तुमचीही डावी वाटी रिकामी दिसते आहे.

मंडळी, दोन्ही वाट्या मी एकाच पेटीतून भरल्या आहेत.

हसा, हसा. पण सकाळी चिठ्ठ्या चिकटवून झाल्यावर मीही दोन्हींतला एकेक दाणा खाल्ला. मलाही डावीकडचाच गोड लागला. पेटी माझ्या पायाशी होती, तरीही.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. सर, ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. माझ्या भाषणातली चूक सर्वांनी पोटात घाला. प्रयोगातली मात्र, हात जोडून सांगते, घालू नका.