अर्थिंगची वायर आणि एक ठोसा

दि. १९ मे २०२५, सोमवार, सकाळी ११.२०

नाव : कोगुरे शुन्पेई. वय : २२ वर्षे. धंदा : मोटार मेकॅनिक, मोगी गॅरेज (कालपर्यंत). शिक्षण : इंजिनिअरिंग कॉलेज, दुसऱ्या वर्षात सोडले. राहणार : इसेसाकी, गुन्मा प्रांत, भाड्याची खोली.

पोलिसांनी समक्ष विचारल्यावरून मी सांगतो की, काल रविवारी दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी हागिवारा यांच्या गाडीच्या बोनेटखाली मला काळ्या टेपचं दुमडलेलं टोक दिसलं आणि त्या घडीपासून माझं सगळं फिरलं. त्याआधीचं विचारलं म्हणून सांगतो.

मोगी गॅरेजात मी दोन वर्षं कामाला होतो. मालक मोगी तेत्सुजी, वय ५८. त्यांची मुलगी चिझुरु, वय २४, तिथेच काम करते. मला हे काम तिने शिकवलं. तिचं लग्न दातांचे डॉक्टर हागिवारा युइची, वय ३३, यांच्याशी ठरलं आहे. काल दुपारी बारा वाजता त्यांच्या आईवडिलांच्या घरी साखरपुडा होता. कॉलेज का सोडलं, याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

हागिवारांची गाडी १९७० सालची, सहा सिलिंडरची. तेलाचा दाब मोजणारा सेंडर इंजिनाच्या ब्लॉकलाच एका लांब मानेवर बसवलेला होता. इंजिन थरथरतं, मान तुटते. वर्षात दोनदा तुटली. म्हणून शनिवारी मी तो तिथून काढला, तेलाचा लवचिक पाइप जोडला आणि बोनेटच्या आत मागच्या पत्र्यावर रबरी पट्ट्यात बसवला. ब्लॉकवर असताना सेंडरला अर्थिंग आपोआप मिळतं. रबरात बसवला की मिळत नाही, वेगळी वायर ओढावी लागते. ती मी ओढली. ती सुटली तर दाब ठीक असूनही डॅशबोर्डवरचा काटा शून्यावर बसतो. इंजिनाला काही होत नाही. चालवणारा घाबरतो, इतकंच.

त्या कामाला चिझुरुने दोन तास बॅटरीचा उजेड धरला. ती म्हणाली, "म्हणजे आता सगळं या एका वायरीवर." मी म्हणालो, "हो." बाकी बोलणं कामाचं होतं.

दुपारी हागिवारा डोकावून गेले. म्हणाले, "काय कॉलेजवाले, एक डबी इकडची तिकडे करायला अख्खा दिवस?"

मी म्हणालो, "तुम्हाला दाढ काढायला किती वेळ लागतो?"

"जास्त लागतो. पण माझा पेशंट चालत घरी जातो."

मालक हसले. मी हसलो नाही. साडेपाचला मालकांसमोर इंजिन चालू केलं. काटा चारवर होता. मालक म्हणाले, "झकास. उद्या पोरगी यातूनच जायची आहे." गाडी रात्रभर गॅरेजात होती. गॅरेजच्या किल्ल्या तिघांकडे असतात : मालक, चिझुरु, मी.

रविवारी सकाळी दहाला हागिवारा आणि चिझुरु निघाले; मालक मागून निघणार होते, तोवर आम्ही दोघं गॅरेजात होतो. हागिवारांचं म्हणणं असं की आकागीच्या घाटात निम्म्यावर चिझुरु म्हणाली, "काटा शून्यावर आहे." तोवर त्यांनी काट्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. जुन्या गाडीच्या मालकाने हे पोलिसांत सांगावं, याची मला लाज वाटते. त्यांनी इंजिन बंद केलं, ओढायची गाडी बोलावली. साखरपुड्याला जमलेली माणसं जेवून घरी गेली.

बारा-दहाला गॅरेजात बोनेट उघडलं. मालक वाकून म्हणाले, "अर्थिंग काढलंय. सुटलेलं नाही, काढलंय." वायरीचं तोंड टेपने नीट गुंडाळलेलं होतं आणि पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून टेपचं टोक दुमडलेलं होतं. मी दुमडत नाही. मालक दुमडत नाहीत. आमच्या गॅरेजात एकच माणूस दुमडतं. कोण, हे साहेबांनी विचारलं. ते माझ्या तोंडून लिहून मिळणार नाही. टोक पाहून मला काय वाटलं, हेही विचारलं. साखरपुडा हुकला होता. बाकी लिहू नये.

हागिवारा ओरडले, "कुणी केलं?"

चिझुरु किमोनोचा पट्टा सारखा करत होती. म्हणाली, "शुन्पेईने केलं असेल. त्याला हे लग्न खुपतंय."

हागिवारा हसले. मला म्हणाले, "अच्छा! म्हणून डबी हलवायला दिवस लागला होय. अरे, तिच्या बापाचा पगारी नोकर तू. तुझ्याकडे ती पाना मागायला बघते, दुसऱ्या कशाला नाही."

मी त्यांना मारलं. फिर्यादीत 'धक्का' लिहिलं आहे, ते चूक आहे. ठोसा होता, उजव्या हाताचा, एकच, जबड्यावर. दाताचं काही झालं असेल तर ते घरच्या घरी बसवू शकतात. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही, असंच लिहावं.

मालकांनी मला मागून धरलं. म्हणाले, "शुन्पेई, माझ्याकडे बघ. वायर तू काढलीस?"

मी चिझुरुकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

मी म्हणालो, "हो, मीच."

ते खोटं आहे. वायर मी काढलेली नाही. मग तसं का बोललात, हे साहेबांनी तीनदा विचारलं.

मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." चिझुरु म्हणाली, "बर्फ आणते." मला वाटलं, माझी बोटं सुजली होती म्हणून. ती बर्फ घेऊन आली आणि हागिवारांच्या गालाला लावत उभी राहिली. एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "तू अजून इथेच?"

मी अंगावरचा कामाचा डगला काढून खिळ्याला टांगला. बाजूच्या दाराने बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी बोललो तेवढंच त्यात आहे, माझी काही दुरुस्ती नाही. खाली सही करून बोटाचा ठसा दिला आहे.